डिस्क भरली तेव्हा

गेल्या दिवाळीआधी माळा आवरताना आमचा पहिला संगणक खाली उतरवला. १९९७ साली घेतलेला. कॅबिनेट हळदीच्या रंगाचा झालेला, आत उंदरांनी वायर कुरतडलेली. भंगारवाल्याला द्यायच्या आधी आतली हार्ड डिस्क तेवढी काढून एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "साहेब, चालली." डिस्क १.२ जीबीची. आज चांगल्या फोनवर काढलेल्या पाच-सात मिनिटांच्या चित्रफितीला एवढी जागा पुरत नाही. तेव्हा त्यात आमच्या चौघांचा संसार होता.

त्यात 'ANNA' नावाचा फोल्डर जसाच्या तसा सापडला. वडिलांनी निवृत्तीनंतर लिहायला घेतलेल्या कुलवृत्तांताची तेवीस प्रकरणं. त्यातली पहिली चारच त्यांनी छापून ठेवली होती. बाकीच्यांबद्दल विचारलं की म्हणायचे, "फाईल आहे की." फाईल होती. उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, मधूनच एखादा उलटा प्रश्नार्थक. मराठीचं एक अक्षर नाही.

हे कोणी केलं ते मला ताबडतोब आठवलं. मीच केलं होतं. १९९९ मध्ये डिस्क भरली म्हणून.

संगणकाचा इतिहास बहुधा वाढीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. इतके बाइट, मग तितके, मग त्याच्या हजारपट. पण घरात बसून संगणक वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हा टंचाईचाही इतिहास आहे. डिस्क केवढीही घ्या, ती भरते. भरली की काहीतरी काढावं लागतं. काय काढायचं हे कोणी आणि कसं ठरवलं, याची हकिगत फारशी कोणी सांगत नाही. अण्णांच्या फोल्डरसमोर बसल्यावर मला ती शोधावीशी वाटली.

*

सुरुवात थोडक्यात सांगतो. फिरत्या चुंबकीय तबकड्यांची पहिली विक्रीयोग्य यंत्रणा आयबीएमने १९५६ मध्ये आणली, रॅमॅक संगणकाबरोबर. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, टनाहून अधिक वजन आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. म्हणजे आजच्या फोनवरचे एक-दोन फोटो. असं यंत्र भाड्याने घेणाऱ्या कंपनीत एकेक अक्षराला किंमत होती. छिद्रपत्राच्या ८० रकान्यांची काटकसर त्याच्याही आधीची. या दोन्ही सवयींतून वर्षाचे पहिले दोन आकडे गाळून '५६' एवढंच लिहायची पद्धत रुजली. जागा वाचवण्याच्या या युक्तीचं बिल जगाला १९९९ मध्ये भरावं लागलं. ते निस्तरायला भारतातून जे हजारो प्रोग्रामर कामाला लागले, त्यांत पुण्या-मुंबईची मराठी मुलंही होती. आमच्या इमारतीतलाच एक जण अठरा महिने अमेरिकेत राहून जुन्या प्रोग्रामांतली दोन आकडी वर्षं चार आकडी करत होता. त्या पैशांत त्याने फ्लॅट घेतला. जागा वाचवल्याने जागा झाली, असा विनोद तो स्वतःच करायचा.

घरच्या किंवा छोट्या कचेरीतल्या संगणकात हार्ड डिस्क आली ती १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीबरोबर, १० एमबीची. त्याआधी सगळं फ्लॉपीवर. आपल्याकडे घराघरात संगणक शिरले ते नव्वदच्या दशकात, आणि तेव्हाही डिस्क ही संगणकातली महागडी वस्तू होती. ती भरल्यावर नवी घेणं हा पर्याय आमच्यासारख्यांपुढे नव्हता. मग उरले दोनच मार्ग. आहे ते दाबून बसवायचं, नाहीतर काढून टाकायचं.

*

दाबून बसवण्याचं शास्त्र इस्राएलमधल्या दोन संशोधकांचं. अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव यांनी १९७७ आणि १९७८ मध्ये दोन निबंध प्रसिद्ध केले. त्यातली कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. आरतीसंग्रह उघडा. ध्रुपद पहिल्यांदा पूर्ण छापलेलं असतं, पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसतं '॥ध्रु.॥'. वाचणाऱ्याला मागे जाऊन काय म्हणायचं ते कळतं, आणि छापणाऱ्याची दोन पानं वाचतात. लेम्पेल-झिव पद्धत हेच करते, फक्त कडव्यापुरतं न थांबता सगळ्या मजकुरात. आधी येऊन गेलेला कोणताही तुकडा पुन्हा आला, की तो न लिहिता 'इतकी अक्षरं मागे जा, तितकी उचल' एवढी खूण ठेवायची. एकही अक्षर न गमावता फाईल निम्मी होते.

हे निबंधातून घराघरात आणणारा माणूस म्हणजे अमेरिकेतल्या मिलवॉकीचा फिल कात्झ. १९८५ च्या सुमारास 'आर्क' नावाचा एक प्रोग्राम टेलिफोनवरून फायली पाठवणाऱ्यांमध्ये लोकप्रिय होता. कात्झने त्याची बरीच वेगवान आवृत्ती काढली. मूळ कंपनीने १९८८ मध्ये दावा लावला. मूळ प्रोग्रामचा काही भाग कात्झने उचलल्याचं तपासणीत दिसलं, आणि त्याला तडजोडीत पैसे मोजावे लागले. तरी लोकांची सहानुभूती त्याच्याकडेच राहिली. छोट्याला मोठ्याने गाठलं, असं चित्र उभं राहिलं होतं. खरं तर दोघेही छोटेच होते. १९८९ मध्ये कात्झने स्वतःची नवी रचना आणली, 'झिप', आणि ती कोणालाही वापरता यावी म्हणून तिचा तपशील जाहीर करून टाकला. झिप टिकली ती या उदारपणामुळे. आज वर्डमध्ये लिहिलेली साधी फाईलही आतून झिपच असते. कात्झ मात्र दारूच्या आहारी गेला. एप्रिल २००० मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, तो एका हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला.

झिप केलेली फाईल वापरायची तर आधी उलगडावी लागे. म्हणून १९९० मध्ये स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने 'स्टॅकर' आणलं. ते डिस्कवर जाणारी प्रत्येक गोष्ट परस्पर दाबायचं आणि येताना परस्पर उलगडायचं. वापरणाऱ्याला वाटे, ४० एमबीची डिस्क ८० ची झाली. मायक्रोसॉफ्टला हे आपल्या डॉसमध्ये हवं होतं. स्टॅकबरोबर बोलणी झाली, फिसकटली, आणि मार्च १९९३ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ६.० मध्ये 'डबलस्पेस' नावाची तशीच सोय दिसली. त्याआधीच स्टॅक कोर्टात गेली होती. फेब्रुवारी १९९४ मध्ये ज्यूरीने मायक्रोसॉफ्टला पेटंटभंगापोटी १२ कोटी डॉलरची भरपाई द्यायला सांगितली. त्याच निकालात स्टॅकलाही मायक्रोसॉफ्टची एक अंतर्गत सोय परवानगीशिवाय वापरल्याबद्दल १ कोटी ३६ लाखांचा दंड बसला. मायक्रोसॉफ्टने डबलस्पेस काढलेली ६.२१ ही आवृत्ती आणली, आणि मग वेगळी पद्धत वापरून 'ड्राइव्हस्पेस' सह ६.२२. पुढे दोघांनी तडजोड केली.

कोर्टाची बाजू बहुतेकांना माहीत असते. घरातली बाजू जास्त महत्त्वाची आहे. या दोन्ही प्रोग्रामांत तुमची अख्खी सी ड्राइव्ह म्हणजे प्रत्यक्षात एकच अवाढव्य लपवलेली फाईल असे. तिच्या एका भागाला धक्का लागला तर सगळ्याच गोष्टी धोक्यात. डबलस्पेस आल्यावर वर्षभरातच माहिती गमावल्याच्या तक्रारी आल्या, आणि नोव्हेंबर १९९३ च्या ६.२ आवृत्तीत डिस्क तपासणारा 'स्कॅनडिस्क' घालावा लागला. काटकसरीची ही जुनीच खोड आहे. सगळे दागिने एकाच डब्यात ठेवले की कपाटात जागा होते.

मी डबलस्पेस वापरलं नाही. आमच्या गल्लीतल्या संगणकवाल्याने निक्षून सांगितलं होतं, "ते लावू नका, पुढे माझ्याकडेच याल." त्यामुळे माझ्याकडे दुसरा मार्ग उरला. काढून टाकण्याचा.

*

संगणकावरून पुसलेलं कुठे जातं? त्या काळात बराच वेळ कुठेच जात नसे.

डॉस आणि विंडोजची डिस्क म्हणजे एक भली मोठी वही आणि तिच्या सुरुवातीला अनुक्रमणिका. फाईल पुसली की संगणक वहीतल्या पानांना हात लावत नसे. अनुक्रमणिकेत त्या फाईलच्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे एक ठरावीक खूण ठेवायचा, आणि ती पानं 'मोकळी' म्हणून नोंदवायचा. बस. त्या पानांवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तसाच. पीटर नॉर्टनने १९८२ मध्ये यावरच आपला धंदा उभा केला. त्याचा 'अनइरेज' पुसलेली फाईल परत आणायचा. १९९१ च्या डॉस ५ मध्ये ती सोय घरचीच झाली. तिची एक गंमत मला अजून आठवते. फाईल परत आणताना संगणक नावाची बाकीची अक्षरं दाखवायचा आणि पहिलं अक्षर तुम्हालाच विचारायचा. ते तेवढं खरोखर पुसलेलं असे.

विंडोज ९५ मध्ये 'रिसायकल बिन' आली. कचऱ्याच्या डब्याचं चित्र त्याआधी ॲपलच्या १९८३ च्या लिसा संगणकावर होतं. डब्यात टाकलेलं डिस्कवरच राहायचं, आणि ठरवून दिल्याखेरीज या डब्याला डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत जागा असे. म्हणजे जागा करण्यासाठी म्हणून फायली पुसायच्या, आणि त्या शांतपणे तेवढीच जागा अडवून बसायच्या. आमच्या घरी महिनाभर हे चाललं होतं. मी पुसत होतो आणि आकडा हलत नव्हता.

पुसलेलं न जाण्याचे परिणाम मोठमोठ्यांनी भोगले. १९८६ मध्ये इराणला शस्त्रं विकल्याचं प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा व्हाइट हाउसमधल्या ऑलिव्हर नॉर्थ आणि जॉन पॉइंडेक्स्टर यांनी आपले संगणकीय निरोप पुसून टाकले होते. राखीव प्रतींच्या चुंबकीय फितींवर ते शाबूत होते, आणि चौकशीत तेच पुरावे ठरले. पुढे सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलाट या एमआयटीतल्या दोन विद्यार्थ्यांनी जुन्या बाजारातून १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. १२९ चालू निघाल्या. त्यांपैकी नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांत खासगी पत्रव्यवहार, वैद्यकीय माहिती आणि पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक. एक डिस्क चक्क बँकेच्या एटीएममधली. त्यांचा निबंध २००३ मध्ये छापून आला. ज्यांनी त्या डिस्क विकल्या त्यांनी फायली पुसल्या नव्हत्या असं नाही. अनेकांनी पुसल्या होत्या, काहींनी डिस्क फॉरमॅटही केली होती. त्यांना वाटलं, झालं.

मग माझ्या बाबतीत उलट का घडलं? फाईल मी पुसलीच नव्हती, तरी ती गेली.

*

याचं उत्तर क्लस्टर नावाच्या प्रकारात आहे. त्या काळची विंडोज डिस्कवरची जागा सुटी द्यायची नाही, ठोक द्यायची. एक ते दोन जीबीच्या डिस्कवर हा ठोक म्हणजेच क्लस्टर ३२ केबीचा. तीन केबीचं पत्र ठेवलं तरी ३२ केबी त्याच्या नावावर. एसटीत एकट्याने बसून तिघांचा बाक अडवावा तसं. विंडोज ९५ च्या नंतरच्या आवृत्तीत आणि ९८ मध्ये 'फॅट ३२' ने हे बरंचसं सुधारलं, पण आमची डिस्क जुन्याच पद्धतीची होती. तिच्यावर मोठ्या फायली फारशा नव्हत्याच. असंख्य लहान फायली होत्या, आणि प्रत्येकीच्या बाकावर दोन जागा रिकाम्या.

म्हणून मी मोठं काय ते न शोधता पुष्कळ काय आहे ते शोधलं. पुष्कळ होते फॉन्ट. अण्णांनी ज्या मराठी प्रोग्राममध्ये लिहिलं त्याच्याबरोबर दीडशेच्या वर फॉन्ट आले होते. संगणकाच्या मासिकांतून तेव्हा सल्ला असे की फॉन्ट फार झाले तर विंडोज मंदावते. तो खोटा नव्हता. अण्णांनी दृष्टी कमी झाल्यामुळे लिहिणं थांबवलं होतं. प्रोग्राम वर्षभर उघडला गेला नव्हता. मी प्रोग्राम काढला, फॉन्ट काढले, अण्णांच्या फायलींना हातही लावला नाही. जागा झाली. अण्णांना अभिमानाने सांगितलं, की तुमचं सगळं सांभाळून बाकी साफ केलं.

इंग्रजी मजकुराच्या बाबतीत हे चाललं असतं. मराठीची तेव्हा अडचण वेगळी होती. देवनागरीसाठी 'इस्की' नावाचं भारतीय मानक १९९१ मध्ये ठरलं होतं, पुण्याच्या सी-डॅकने त्यावर काम केलं होतं, युनिकोडमध्येही देवनागरीला सुरुवातीपासून स्थान होतं. पण घरात आणि छापखान्यात जे चाले ते बहुतेक फॉन्टच्या हिशेबाने. संगणकाला 'क' माहीतच नसे. त्याच्या लेखी ते एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असे, आणि त्या जागी 'क' चं चित्र काढण्याचं काम फॉन्ट करी. प्रत्येक कंपनीची जुळणी निराळी. फॉन्ट गेला की फाईलमध्ये उरते ती फक्त क्रमांकांची रांग. विंडोजमध्ये देवनागरी मुळातून आली ती विंडोज २००० पासून, आणि घरोघरी रुळायला आणखी बरीच वर्षं गेली. त्या मधल्या पंधरा वर्षांत लिहिलेलं कितीतरी मराठी, दिवाळी अंकांच्या पानांसकट, असंच कुलूपबंद पडून असणार. इतिहासाचार्य राजवाडे दफ्तरं शोधत गावोगाव हिंडले तेव्हा कागद वाळवीने खाल्लेले मिळत, पण उरलेल्या तुकड्यावरची मोडी वाचता तरी येत असे.

यातली खरी विसंगती मला फार उशिरा कळली. युनिकोडच्या सध्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे इस्कीच्या तिप्पट. तरी १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीवर जवळजवळ पाच लाख चिन्हं बसतात. अण्णांची तेवीस प्रकरणं, त्यांचा प्रोग्राम वगळता, निम्म्या फ्लॉपीत मावली असती. मजकुराने कधी कोणाची डिस्क भरली नाही. आवराआवरीत सापडतो मात्र तोच, कारण तो कोपऱ्यात असतो आणि त्याचं नाव कोणाला ओळखू येत नाही.

*

माझ्यानंतर हे काम यंत्राने हाती घेतलं. विंडोज ९८ मध्ये 'डिस्क क्लीनअप' आलं. ते निदान यादी दाखवून विचारायचं. विंडोज १० मधलं 'स्टोरेज सेन्स' चालू केलं तर विचारण्याचीही गरज ठेवत नाही. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज अद्ययावतीकरणात काय झालं ते इथे नोंदवायला हवं. काही लोकांच्या संगणकावर 'डॉक्युमेंट्स' सारखे फोल्डर दुहेरी दिसत. रिकामा जुळा उगाच का ठेवायचा, अशी त्यांची तक्रार होती. ती दूर करण्यासाठी अद्ययावतीकरण जुना फोल्डर काढून टाकू लागलं. काहींच्या बाबतीत तो रिकामा नव्हता. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांत वाटप थांबवलं आणि अशी उदाहरणं फार थोडी असल्याचं सांगितलं. थोडी असतीलच. पण तर्क माझ्या १९९९ मधल्या तर्कासारखाच होता: हे कोणी वापरत नाही.

तोवर टंचाई फोनकडे सरकली होती. भारतीयांचे फोन 'शुभ सकाळ' च्या चित्रांनी भरतात हे गूगलच्या लक्षात आलं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये आणलेल्या 'फाइल्स गो' मध्ये ती चित्रं शोधून काढण्याची खास सोय होती. सूर्योदय, गुलाब आणि सुविचार ओळखायला यंत्र शिकवावं लागलं, याचा आपल्याला अभिमान वाटावा की संकोच, मला ठरवता आलेलं नाही. फोन भरला की घरच्या संगणकावर ओतायचा आणि संगणक भरला की दूरच्या कोणाच्या तरी संगणकावर, अशी साखळी तयार झाली. गूगल फोटोजने २०१५ मध्ये थोड्या कमी प्रतीचे फोटो अमर्याद ठेवायची मुभा दिली आणि १ जून २०२१ पासून ती काढून घेतली. डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती मजकुरासकट काढून टाकण्याचा नियमही लागू झाला. माणूस गेला की त्याचं खातं कोण उघडणार? माळ्यावरच्या डिस्कला असा नियम नव्हता. ती बावीस-तेवीस वर्षं कोणी न उघडता पडून राहिली आणि चालली.

घरात पडून राहिलेल्या प्रतीने केवढं वाचू शकतं याचं एक नामांकित उदाहरण आहे. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत कोणीतरी चुकून 'सगळं पुसा' अशी आज्ञा दिली आणि 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचा बहुतांश भाग नाहीसा झाला. राखीव प्रती पाहिल्या, तर त्या कधीपासूनच नीट होत नव्हत्या. चित्रपट वाचला तो गेलिन सुसमन या तंत्रप्रमुखामुळे. तान्ह्या बाळामुळे ती घरून काम करत होती, आणि तिच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. ती कोणत्याही धोरणाने ठेवलेली नव्हती. जागा करण्यासाठी तिने ती आदल्या आठवड्यात पुसली असती, तर तिला कोणी दोष दिला नसता.

*

अण्णांचा फॉन्ट शोधायला मला चार महिने लागले. प्रोग्रामची मूळ सीडी घरात नव्हती. शेवटी पुण्यात, एका जुन्या डीटीपीवाल्याकडे, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकून ठेवलेला एक संगणक निघाला. तो त्यावर आजही लग्नपत्रिका करतो. मला म्हणाला, "मी यातलं काही काढत नाही. मुलगा सांगतो काढा, मी काढत नाही."

फाईल त्याच्या पडद्यावर उघडली. वेलांट्या जागेवर आल्या, रफार थोडे सरकलेले होते. एकोणीस प्रकरणं मी कधीच वाचली नव्हती. सतरावं १९९८ च्या जूनमध्ये लिहिलेलं आहे आणि त्यात आमच्या घरात संगणक आला त्या दिवसाचं वर्णन आहे, किमतीसकट. तेविसावं वाक्याच्या मध्येच थांबतं. आधी मला वाटलं की फाईल खराब झाली. डीटीपीवाल्याने आकार तपासला आणि मान हलवली. फाईल पूर्ण होती.